कोठीजवळचं मंडळाचं दुकान: बोचकी येतात, पण त्यात साडी नसते

बडोद्याच्या सयाजी हॉस्पिटलमध्ये रात्री पेशंट घेऊन आलेली माणसं सकाळी काय शोधत असतात, हे या दुकानात तासभर बसलं की कळतं. चादर, टॉवेल, म्हातारीला बदलायला साडी, बाळाला झबलं, चहा आणायला थर्मास. छोटा उदेपूरहून, दाहोदहून, पार अलिराजपूरकडून धावत आलेल्या माणसाकडे अंगावरच्या कपड्यांखेरीज काही नसतं. "बेन, आ केटलानी?" म्हणत तो चादर उचलतो. ६० रुपये. धुतलेली, घडी घातलेली, जाड सुती चादर.

दुकान कोठी चार रस्त्याहून हॉस्पिटलकडे जाताना एका जुन्या घराच्या तळमजल्यावर आहे. पाटी लहान आहे; बाहेर लोखंडी दांडीवर शर्ट लटकलेले दिसले की तेच समजा. सकाळी ११ ते १, मग बंद, पुन्हा ४ ते ७. रविवारी सुट्टी. बायकांचं एक मंडळ ते चालवतं. निम्म्या आपल्या मराठी, निम्म्या गुजराती, बहुतेक जणी शाळेतून नाहीतर बँकेतून रिटायर झालेल्या. पगार कुणीच घेत नाही, फक्त गाठोडी उचलायला एक माणूस ठेवलाय त्याला देतात. लोकांनी दिलेलं विकायचं आणि त्या पैशातून मुलींचा शिवणवर्ग चालवायचा, काही जणींची शाळेची फी भरायची, एवढंच काम.

मी दांडिया बाजारात ब्लाउज शिवते. या दुकानात १९ वर्षं जाते आहे, त्यामुळे जे लिहिते आहे ते एका फेरीतलं नाही. माझं तिथलं काम मुख्यतः काठांचं. साडीचं अंग विरलेलं असतं पण काठ शाबूत असतो. तो उसवून ब्लाउजच्या बाहीला, लहान मुलीच्या परकराला लावला की बाई खूश होते. इरकलीचे, महेश्वरीचे काठ मला इथे ५०-७० रुपयांत मिळालेत. एकदा तर चंदेरीची अख्खी साडी मिळाली, पदराला एक भोक तेवढं होतं. ते मी रफू केलं, आणि ती साडी माझ्या मुलीने लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नेसली.

पूर्वी जुने कपडे बोहारणीला जायचे. आमच्या आईच्या वेळी ती दारात बसायची, साड्या उलगडून उजेडात धरून बघायची आणि चार चांगल्या कपड्यांवर एक स्टीलचं पातेलं द्यायची. नुसत्या चिंध्यांवर ती चमचाही देत नसे. एखादी तरी जरीची साडी निघाली की मग तिचा हात डब्याकडे जायचा. मंडळाच्या दुकानाचा हिशोबही नेमका तसाच आहे. दहा किलोच्या बोचक्यात एक चांगली साडी, एक न वापरलेला शर्टपीस, एखादा मुलाचा कोट असला की बाकीचं धुण्याचा, निवडण्याचा, इस्त्रीचा खर्च निघतो आणि ती ६० रुपयांची चादर ६०लाच देता येते.

ती एक चांगली वस्तू आता बोचक्यात येत नाही. घरीच तिचा फोटो काढला जातो.

हे काही एका रात्रीत झालं नाही. टीव्हीवर ओएलएक्सच्या जाहिराती लागायच्या तेव्हा लोक त्यावर सोफे, स्कूटर, मोबाइल विकत होते. कपड्यांना कुणी हात लावत नव्हतं. २०१७ मध्ये फेसबुकचं मार्केटप्लेस आपल्याकडे आलं, मग इन्स्टाग्रामवर मुलींची खाती निघाली, आणि कपाटही विकायला निघालं. आपल्या बडोद्यात तर त्याचा पहिला घाव चणिया-चोळीवर पडला.

बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं, इथे नवरात्र म्हणजे काय असतं. आरशाची, कच्छी भरताची चणिया-चोळी मुली हजारोंनी खर्च करून घेतात, नऊ रात्री घालतात आणि पुढच्या वर्षी तीच परत घालायला त्यांना नको वाटतं. पूर्वी दिवाळीच्या साफसफाईत त्या मंडळात यायच्या. वर्षभर त्या वरच्या खोलीत जुन्या चादरीत बांधून ठेवत. गणपती गेले की मी आणि आणखी दोघी जणी बसून निघालेले आरसे लावायचो, नाडीचे गोंडे बदलायचो. मग नवरात्रीच्या आधीचे दहा दिवस दुकानात पाय ठेवायला जागा नसे. धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या मुली, हॉस्टेलच्या मुली, सगळ्या यायच्या. ३०० रुपयांत घेरदार चणिया, वर ओढणी. मंडळाची सर्वांत मोठी कमाई त्या दहा दिवसांची असे. शिवणवर्गाच्या बाईंचा पगार त्यातून निघायचा.

गेल्या नवरात्रीच्या आधी मी गेले तेव्हा वरच्या खोलीत फक्त सात चोळ्या होत्या. त्यातल्या दोन लहान मुलींच्या. बाकीच्या कुठे गेल्या ते मला माझ्या भाचीच्या फोनमध्ये दिसलं. ती आणि तिच्या मैत्रिणी आपापल्या चणिया-चोळ्या विकतात, काही जणी तर एका रात्रीच्या भाड्यानेही देतात. भाचीला मी दोष देत नाही. तिने ४,००० घातले, त्यातले १,८०० परत मिळाले तर तिने का सोडावेत? कॉलेजच्या मुलीला ते पैसे मोठे असतात. पण तिची चोळी घेणारी मुलगी १,८०० देऊ शकणारी आहे, आणि ३०० देऊ शकणारी मुलगी त्या फोनमध्ये कुठेच नाही.

२०२३ मध्ये मुलीच्या बाळंतपणासाठी मी पाच महिने इंग्लंडात लेस्टरला होते. तिकडे अशी दुकानं रस्त्यारस्त्यावर आहेत, कुठे हृदयरोगाच्या संस्थेचं, कुठे कॅन्सरच्या, कुठे ऑक्सफॅमचं. मी बाबागाडी ढकलत रोज एकात तरी शिरायचे. तिकडे एक सोय फार चांगली आहे. देणारा माणूस कर भरत असेल तर त्याच्याकडून एक फॉर्म भरून घेतात, आणि त्याची वस्तू विकून आलेल्या प्रत्येक पौंडामागे सरकार संस्थेला वर २५ पेन्स देतं. तरीही काउंटरवरच्या आजी मला तेच सांगत होत्या जे आमच्या मंडळाच्या काकू सांगतात: पिशव्या येतात, पण चांगलं घरीच निवडून काढलेलं असतं. तिकडे त्याचं नाव व्हिंटेड. २००८ मध्ये लिथुआनियात वेबसाइट म्हणून सुरू झालेलं ॲप. विकणाऱ्याकडून पैसे घेत नाही, घेणाऱ्याकडून घेतं. माझी मुलगीही बाळाचे लहान झालेले कोट त्यावरच विकते. ऑक्सफॅमसारख्या मोठ्या संस्थेने २००७ पासूनच स्वतः ऑनलाइन विकायला घेतलंय, त्यांच्याकडे माणसं आहेत, गोदामं आहेत. आमच्या मंडळाकडे एक लाकडी कपाट आणि काकूंचा फोन आहे.

कपड्याच्या कारागिरीबद्दल मला बोललंच पाहिजे, कारण सगळं खापर फोनवर विकणाऱ्यांवर फोडलं तर ते खोटं होईल. आता जे दानात येतं ते मुळातच वाईट शिवलेलं असतं. पूर्वी कुठलीही कुर्ती उलटी केली की आत दोन बोटं माया, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, सोडलेली असायची. अंगाने भरलेल्या बाईला ती उसवून मोठी करून देता येत होती. आता ऑनलाइन २५० रुपयांत नवी कुर्ती घरपोच येते आणि तिच्या आत मायाच नसते. कडेला एक लॉकची शिवण, ती ओढली की संपलं. असा कपडा दुसऱ्या अंगाला बसवता येत नाही. त्याला दुसरं आयुष्य नाही. शिवाय नवीन २५०ला मिळत असताना जुना १०० रुपयांत कोण घेणार?

मग त्याचं काय होतं? चिंधीवाला किलोवर नेतो. मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यांत मशीन पुसायला सुती चिंधी लागते, तिला भाव आहे, कारण सुती कापड तेल पितं. पॉलिएस्टर तितकं पीत नाही. दानात आता निम्म्याहून जास्त पॉलिएस्टर दिसतं, आणि चिंधीवाला ते बाजूला काढून ठेवतो. मंडळाला ते फेकायलाही टेम्पोचे पैसे द्यावे लागतात. म्हणजे लोक दान म्हणून जे ठेवून जातात, त्याचा काही भाग या बायकांच्या डोक्यावर खर्च म्हणून बसतो. हे मी तिथे गुरुवारच्या निवडणीला बसून डोळ्यांनी पाहिलंय. फाटकी अंतर्वस्त्रं, ओली पायपुसणी, एकेकटा बूट. देणाऱ्यांनी जरा विचार करावा, एवढंच म्हणते. सत्तरीच्या बायका ते हाताने निवडतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी समा, अकोटा, मुजमहुडा इथल्या घरांत शिरलं, तेव्हा हे सगळं एकदम समोर आलं. पाणी उतरल्यावर ज्यांची कपाटंच्या कपाटं चिखलात गेली होती, ते दुकानात आले. मंडळाने तीन दिवस पैसे न घेता कपडे दिले. वरच्या खोलीत पोती पुष्कळ होती. उघडली तर कोरडं, धड आणि माणसाला घालता येईल असं फार थोडं निघालं. एका शाळकरी मुलाला गणवेशाच्या मापाची निळी पँट मिळेना, शेवटी मी घरून माझ्या पुतण्याची आणली आणि तिथेच बसून कमरेत आत घेतली.

आता सेवेबद्दल. माणसं फार चांगली आहेत. कपडा घालून बघायला पडद्यामागे जागा आहे, आरसा मोठा आहे. किमती चिठ्ठीवर लिहिलेल्या असतात आणि घासाघीस चालत नाही. पण हॉस्पिटलचा केसपेपर हातात असला तर काकू स्वतःहून कमी करतात, मागावं लागत नाही. स्टीलची भांडी उत्तम, डबे झाकणासकट लावून ठेवलेले असतात. मराठी पुस्तकं एका कपाटात आहेत, २० रुपयांपासून. दिवाळी अंकांचे गठ्ठे मी तिथूनच आणते. लहान मुलांचे कपडे डोळे मिटून घ्यावेत, कारण मुलं वाढतात आणि कपडे नवेच राहतात. मिक्सर, इस्त्री, मोबाइल मात्र घेऊ नका. तपासायला तिथे कुणी नाही, मी घेतलेली इस्त्री दुसऱ्या दिवशी बंद पडली. पैसे परत मिळाले, पण फेरी वाया गेली.

मला खटकलेली गोष्टही सांगते. दोन-तीन तरुण मुलं दुकान उघडताच येतात, प्रत्येक वस्तूवर फोन धरून ऑनलाइन भाव बघतात आणि पितळेचे डबे, जुनी घड्याळं, जरीच्या साड्या उचलून नेतात. तीच वस्तू संध्याकाळी चौपट भावाने फोनवर दिसते. हे काही गुन्हा नाही, त्यांनी पैसे मोजलेले असतात. पण मंडळाने आता ठरवावं की अशा वस्तू पहिले चार दिवस बाजूला ठेवायच्या आणि त्यांचा खरा भाव विचारून मग चिठ्ठी लावायची. मी हे काकूंना दोनदा बोलले आहे. त्या म्हणतात, "अगं, आम्हाला कुठे भाव कळतो?" तर भाव कळणारं कुणी तरुण माणूस आठवड्यातून दोन तास तिथे जाऊन बसलं तर फार मोठं काम होईल. बडोद्यात युनिव्हर्सिटी आहे, मुलांची वाण नाही.

काकूंनी स्वतः व्हॉट्सॲपवर ग्रुप काढलाय. दर मंगळवारी चार वाजता दहा-बारा चांगल्या वस्तूंचे फोटो येतात. सुरुवातीला फोटो अंधारे होते, आता खिडकीपाशी दांडी लावून काढतात, त्यामुळे काठाचा रंग खरा दिसतो. गेल्या महिन्यात एक नारळी काठाची साडी त्यावर ९०० रुपयांना गेली. दुकानात तिला २०० मिळाले असते. वस्तू दुकानात येऊन न्यावी लागते, कुरिअर करत नाहीत, आणि ते बरंच आहे. मी स्वतः आईचं शिवणयंत्र एका ॲपवर विकायला टाकलं तेव्हा कुणीतरी "पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा" म्हणून मागे लागला होता. भाची शेजारी होती म्हणून वाचले. पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. ते यंत्र मी शेवटी मंडळाच्या शिवणवर्गाला दिलं. पायडलचं आहे, पट्टा नवीन घातला की सरळ टीप घालतं, आणि सध्या त्यावर दोघी मुली आलटून-पालटून शिकतात.

सध्या तिथे मोठ्या माणसांचे सुती शर्ट, जाड चादरी आणि लहान मुलांचे स्वेटर कमी आहेत. द्यायचं असेल तर धुऊन, गुरुवार आणि रविवार सोडून कुठल्याही दिवशी चारनंतर न्या. गुरुवारी निवडणीत त्यांना मान वर करायला वेळ नसतो. भाचीने या वर्षीच्या दोन चोळ्यांपैकी बांधणीची फोनवर टाकली आहे आणि हिरवी मला दिली आहे. तिचे चार आरसे निघालेत आणि पाठीची नाडी उसवली आहे. शनिवारपर्यंत होईल.