भिलारला लेखक ऐकायचा तर ओसरीवर बसून

पाचगणीहून महाबळेश्वरला जाताना भिलारला वळणारी बरीचशी मंडळी पुस्तकांच्या घरांपुढे फोटो काढतात, स्ट्रॉबेरीचे दोन बॉक्स घेतात आणि तासाभरात निघतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की गावात एखाद्या लेखकाचा कार्यक्रम असेल तो दिवस बघून या. आणि शक्यतो लहान कार्यक्रम निवडा, कुणाच्या तरी ओसरीवरचा.

मी पाचगणीत शाळांचे गणवेश शिवते. भिलार जवळच आहे, त्यामुळे तिथे कुणी बोलायला येणार असं कानावर आलं की मशीनवर कापड झाकते आणि जाते. आजवर मोठ्या मंचावरचे कार्यक्रम ऐकलेत, शाळेच्या पटांगणातले ऐकलेत, घरातलेही ऐकलेत. त्यातला नुकताच जानेवारीत, मराठी भाषा पंधरवड्यात ऐकलेला एक कार्यक्रम सविस्तर सांगते. तो एका वाचक मंडळाने ठेवला होता.

ज्यांना गाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ४ मे २०१७ला भिलार ‘पुस्तकांचं गाव’ झालं. राज्य मराठी विकास संस्थेचा हा उपक्रम. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून कल्पना घेतली, पण तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत आणि इथे माणसांची राहती घरं. सुरुवातीला पंचवीस ठिकाणं होती आणि पंधरा हजारांच्या आसपास पुस्तकं. एका घरात कविता, एका घरात इतिहास, कुठे संतसाहित्य, कुठे दिवाळी अंक. वाचायला पैसे पडत नाहीत, पुस्तक तिथेच बसून वाचायचं. घरची माणसं त्यांचं काम करत असतात, तुम्ही तुमचं वाचत बसायचं. मला ही व्यवस्था फार आवडते.

तर त्या दिवशीचे लेखक कोयना खोऱ्यातल्या विस्थापित कुटुंबातले. आजोबांचं गाव धरणात गेलं, कुटुंब घाट उतरून रायगड जिल्ह्यात वसलं. त्या गावावर त्यांनी छोटंसं पुस्तक लिहिलंय. भिलारहून तापोळ्याचं पाणी, म्हणजे कोयना धरणाचाच फुगवटा, काही फार लांब नाही. ऐकायला बसलेल्या निम्म्या लोकांचे सोयरे त्या खोऱ्यातले, म्हणजे लेखक परका असला तरी विषय घरचाच होता. तीस-पस्तीस माणसं असतील. सतरंजीवर बायका आणि पोरं, भिंतीला टेकून म्हातारी माणसं, आणि लेखकासाठी एक प्लास्टिकची खुर्ची. ती त्यांनी बाजूला सारली आणि पायरीवर बसले.

त्यांनी वाचलेलं पहिलंच पान आजीच्या वाकळेचं होतं. गाव सोडायचा दिवस ठरला तेव्हा आजीने जमिनीचे कागद जुन्या लुगड्याच्या दोन पदरांमध्ये घालून वाकळ शिवली. सामानाच्या गडबडीत पेटी हरवेल, पण अंथरूण कुणी टाकून देणार नाही, हा तिचा हिशोब. वाचन झाल्यावर मी हात वर केला. विचारलं, “सर, कागद नेमके कुठे आहेत हे त्यांना नंतर कळलं कसं? वाकळ तर सगळीकडून सारखीच दिसते.” ते हसले, म्हणाले, “ताई, आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. सगळी वाकळ पांढऱ्या दोऱ्याची आणि तेवढा चौकोन तांबड्या दोऱ्याचा. हे पुस्तकात घ्यायचं राहिलंय.” ती वाकळ आजही त्यांच्या आत्याकडे आहे म्हणे. शिवणारी बाई असं का करेल हे मला लगेच कळलं. धावदोऱ्याचे टाके हाताला जाणवतात, पण घाईत उसवायचं असेल तर डोळ्याला खूण लागते.

पुढचं पान गाव सोडण्याच्या दिवसाचं. ट्रकमध्ये भांडी, देवाचे टाक, कणगीतलं धान्य आणि जनावरं, असं त्यांनी वाचलं. तेवढ्यात मागून एक आजोबा बोलले, “सर, तुमी लिवलंय ते झ्याक हाय, पर जनावरं ट्रकातनं न्हाई गेली. चालत न्हेली. आंबेनळीच्या घाटानं. माझा चुलता व्हता संगं.” लेखकाने वाचन थांबवलं. मुक्काम कुठे पडला, किती जनावरं होती, वैरण कुणी दिली, सगळं विचारत गेले. आजोबांनी वाडा कुंभरोशीच्या मुक्कामाचं सांगितलं. एक गाभण गाय घाटातच व्याली आणि वासरू खांद्यावर घेऊन खाली उतरले, हेही सांगितलं. लेखक पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने लिहून घेत होते आणि ओसरीवर कुणी हलत नव्हतं. पुढच्या आवृत्तीत तुमच्या चुलत्यांच्या नावासकट घालतो, असं त्यांनी आजोबांना सांगितलं. मोठ्या मंचावर हे घडत नाही. तिथे प्रश्न चिठ्ठीवर लिहून पाठवायचा असतो आणि वेळ संपली की चिठ्ठ्या तशाच राहतात.

मग बोलणं आपोआप भूकंपाकडे वळलं. ११ डिसेंबर १९६७ची पहाट आठवणाऱ्या दोघी-तिघी तिथे होत्या. एकीने सांगितलं की पाळण्यातलं भावंड तसंच उचलून आई अंगणात धावली आणि नंतर कितीतरी रात्री घरातलं कुणीही छपराखाली झोपलं नाही. लेखक मध्ये बोलले नाहीत. आपण पाहुणे आहोत आणि बोलायला आलोय, तरी ऐकायची वेळ ओळखता येणं ही मोठी गोष्ट आहे. या माणसाचं पुस्तक मी तिथल्या तिथे विकत घेतलं, त्यांनी स्वतःच्या पिशवीत पाच-पंचवीस प्रती आणल्या होत्या.

अकरावीतल्या एका मुलीचा प्रश्न मला सगळ्यांत चांगला वाटला. “तुमचा जन्म गाव धरणात गेल्यानंतरचा. मग न पाहिलेलं गाव लिहिलं कसं?” उत्तर असं, की पाणवठ्याची वाट कशी होती हे त्यांनी गावातल्या वेगवेगळ्या म्हाताऱ्या बायांना विचारलं. कुणी म्हणालं वडाच्या डाव्या अंगाने, कुणी म्हणालं उजव्या. त्यांनी दोन्ही वाटा पुस्तकात ठेवल्या, कारण ज्या घरातून निघालात त्याप्रमाणे वाट बदलते. ती मुलगी वहीत भराभर लिहीत होती. तिच्या डोक्यातही काहीतरी लिहायचं आहे, हे दिसत होतं.

आता जे खटकलं ते. वेळ दहाची दिली होती, लेखक पावणेअकराला बोलू लागले. आधी दीपप्रज्वलन, मग शाल-श्रीफळ, मग शाल-श्रीफळ देणाऱ्यांचा सत्कार, मग दोन प्रास्ताविकं. लेखकाला मिळाला जेमतेम तास. मंडळाची मंडळी मनापासून राबतात हे मी बघते, म्हणूनच सांगते: पाहुण्याचा खरा मान त्याला बोलू देण्यात आहे. प्रास्ताविक पाच मिनिटांचं करा, सत्कार शेवटी ठेवा.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. जानेवारीत सकाळी दहाला भिलारमधली कामाची माणसं मोकळी नसतात. स्ट्रॉबेरीची तोडणी पहाटे, उन्हाच्या आधी सुरू होते. मग निवड, मग पनेट म्हणजे फळांच्या छोट्या डब्या भरायच्या, वजन, ट्रे, टेम्पो. त्या ओसरीच्या मागच्याच पडवीत चार बाया खाली बसून पनेट भरत होत्या. त्यातली एक मान वळवून ऐकत होती, हात मात्र चालूच. मोठं फळ वर, देठ एका बाजूला. वाकळेचं पान सुरू होतं तेव्हा तिचे हात क्षणभर थांबले. तिला प्रश्न विचारायचा असता तर तिने तो कधी विचारायचा? संध्याकाळी सहाला कार्यक्रम ठेवला तर ती पुढे येऊन सतरंजीवर बसेल. पर्यटकांना मुक्कामाचं निमित्त मिळेल आणि ज्या घरांतून राहायची-जेवायची सोय आहे त्यांनाही चार पैसे मिळतील. थंडी असते हे खरं, पण शेकोटीभोवती बसून ऐकायला इथे कुणाची ना नाही.

आणखी एक. माईकची गरज नव्हती. तीस माणसांसाठी लावलेला तो कर्णा मध्येच कर्कश वाजायचा आणि पोरं दचकायची. लेखकाने तो बंद करायला सांगितला तेव्हा आवाज उलट नीट पोचला.

जेवण त्याच घरात, पैसे देऊन. पिठलं, ज्वारीची भाकरी, घेवड्याची उसळ, ठेचा. उत्तम. लेखक पंगतीतच बसले होते आणि त्या आजोबांच्या शेजारीच, त्यामुळे आंबेनळीच्या घाटातलं उरलेलं सगळं जेवताना निघालं. कार्यक्रम संपला म्हणून लगेच उठू नका, एवढ्यासाठी सांगते.

२००९ साली ८२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन महाबळेश्वरला भरलं होतं. तसा मोठा मेळा अधूनमधून व्हायलाच हवा, त्यात पुस्तकांची दुकानं असतात, लांबलांबची माणसं भेटतात. पण जावळी, वाई, पाटणच्या डोंगरांतून लिहिणाऱ्या माणसाला त्या मांडवात जागा मिळायला फार वेळ लागतो. ओसरीवर त्याला आजच जागा आहे. मंडळांनी पुण्या-मुंबईच्या नावांबरोबर अशांनाही दर वर्षी बोलवावं, प्रवासखर्च द्यावा, मानधन द्यावं. स्वतःच्या पदरच्या पैशाने यष्टीतून प्रती आणायला लावू नये. आता वेरूळ, नवेगाव बांध, अंकलखोप, पोंभुर्ले इथेही पुस्तकांची गावं होतायत, तिथल्या लोकांनीही हे पहिल्यापासून ठरवून टाकावं.

जायचं असेल तर पाचगणीहून जीप किंवा रिक्षा मिळते. वाईकडून येणार असाल तर पसरणी घाटात गर्दीचा वेळ धरून निघा, शनिवार-रविवारी गाड्या खोळंबतात. परतीच्या यष्टीची वेळ आधी विचारून ठेवा. स्वेटर घ्या, रोख पैसे घ्या, आणि लेखकाचं पुस्तक मिळालं तर आधी वाचून जा. प्रश्न विचारायला लाजू नका. आजोबांनी लाज धरली असती तर ती गाय आणि तिचं वासरू त्या पुस्तकात कधीच आलं नसतं.

माझ्याकडून लेखकाला पाचपैकी पाच, ऐकणाऱ्यांनाही पाच, वेळापत्रकाला दोन. फेब्रुवारीत मराठी भाषा गौरव दिनाच्या सुमारास पुढचा कार्यक्रम ठेवायचं चाललंय. संध्याकाळी ठेवा असं मी मंडळाला लेखी दिलंय, पनेट भरणाऱ्या चौघींच्या सह्या घेऊन.