लाकडी कॅमेऱ्याचा भाता: जुन्यालाच ठिगळ लावायचं की नवा करायचा?

सागवान पॉलिश झालं, पितळ उजळलं, लेन्सवरची बुरशीही गेली, तरी जुना कॅमेरा चालू होत नाही तो बहुतेक वेळा भात्यामुळं, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्या मधल्या घड्याघड्यांच्या चामडी नळीमुळं. माझ्याकडं केरळातल्या अलप्पुझाला बनलेला वागीश्वरी कॅमेरा आहे, बेळगावच्या शहापुरातल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आलेला, आणि त्याच्यावर मी दोन्ही उपाय करून बघितलेत.

आधी अंधाऱ्या खोलीत भाता पूर्ण ताणून मोबाईलचा टॉर्च आत सोडा, बाहेरून बघा. सपाट भागात एखादं भोक दिसलं तर काळजी नको. घड्यांच्या कोपऱ्यात चांदण्या दिसल्या की मग विचार करायचा, कारण चामडं मोडतं ते तिथंच.

ठिगळाचा मार्ग सोपा बघा. काळ्या फॅब्रिक कलरमध्ये थोडा फेविकॉल, मोठ्या भोकांना पातळ चामड्याच्या चकत्या, खर्च जवळपास काहीच नाही आणि मूळ भाता जागेवर राहतो, हे मला आजही पटतं. कॅमेरा घरातच स्टँडवर उघडा ठेवून फोटो काढणार असाल तर एवढ्यावर भागेल असं वाटतं.

पण मला तो बेळगावच्या आसपास हलशीला, राजहंसगडावर न्यायचा असतो, म्हणजे दरवेळी मिटायचा आणि उघडायचा, आणि मिटला की कोपऱ्यातला रंग तडकतो. बरं, ते तिथं उन्हात कळतही नाही. एक्स-रे फिल्म लावलेली, अ‍ॅपर्चर बारीक, एक्सपोजर सेकंदांत, आणि डार्क स्लाइड, म्हणजे फिल्मसमोरची झाकणपट्टी, वर ओढलेली असते तेवढा सगळा वेळ त्या भोकातून उजेड आत येतच असतो, शटर बंद असलं तरी. मग घरी लाल दिव्याखाली ट्रेमध्ये भूवराह नरसिंहाच्या देवळाचं शिखर छान उमटत येतं आणि त्याच्यावरच काळा फराटा. पुन्हा रंग लावायचा, पुन्हा जायचं, आणि पुढच्या वेळी फराटा शेजारच्या कोपऱ्यातून. याचा मला फार वैताग आला आणि तिथंच माझं ठरलं.

नव्या भात्याला वेळ आणि चिकाटी लागते हे खरं. बाहेरून पातळ चामडं, आतून काळं पॉपलिन, मधे कार्डशीटच्या पट्ट्या, आणि कोपऱ्यात पट्ट्यांमधे फट सोडायची, नाहीतर घडीच पडत नाही. जाडीवर सगळं अवलंबून आहे. अथणीचं चामडं चपलेला एक नंबर, पण भात्याला जाड पडतं, अर्ध्या मिलिमीटरच्या आत तासलेलं शेळीचं मिळालं तर बघा. रेक्झीन स्वस्त, पण माझ्याकडचं तरी घडी धरत नव्हतं आणि कॅमेरा मिटेना. पॉपलिनचा एकच थर पुरतो का तेही टॉर्च लावून बघा, माझ्या कापडातून उजेड येत होता म्हणून दुहेरी घेतलं. तेव्हापासून निगेटिव्हवर फराटा नाही. तुमचा कॅमेरा वेगळा असेल, अनुभवही वेगळा येईल, पण बाहेर न्यायचा असला तर मी नव्याच्याच बाजूनं.

जुना भाता काढताना ओढू नका. सरसानं चिकटवलेला असला तर कोमट पाण्याचं फडकं ठेवलं की सुटतो. त्याच्या घड्या मोजून कागदावर साचा काढून घ्या, पुढचं तोंड लहान आणि मागचं मोठं असलं तर अंदाजानं जमत नाही. आणि हे काम फेब्रुवारी-मार्चमधे करा, आमच्याकडं जूनमधे पाऊस लागला की गोंद वाळत नाही आणि चामड्याला बुरशी धरते.