घुशीसाठी पिंजरा बरा की औषधाची वडी?
गोडोलीत आमच्या परसात घुशीनं रताळी आणि अळू पार पोखरून टाकलं, म्हणून दोन्ही करून बघितलं. ब्रोमॅडिओलोन म्हणजे उंदीर-घुशी मारायच्या विषाची वडी बिळात टाकायला एकदम सोपी, पण त्यानं रक्त गोठायचं थांबतं आणि घूस मरायला ४-५ दिवस जातात, तोवर ती सुस्त होऊन उघड्यावर फिरते, मग गव्हाणी घुबड नायतर मांजर तिला खातं म्हणजे विष पुढं गेलंच की. शेजारच्या मांजराला असंच झालं, डॉक्टरांनी व्हिटॅमिन के दिलं म्हणून वाचलं, मला अजून वाईट वाटतं. बिळात मेली तर वास वेगळाच.

पिंजऱ्याला चिकाटी लागते. जाड तारेचा मोठा घ्या, उंदराचा चालत नाय. पहिले २-३ दिवस दार बांधून उघडंच ठेवा, आत भजी किंवा सुकट टाका, ती बिनधास्त खायला लागली की मग सापळा लावा. हातमोजे पायजेतच, घुशीच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार होऊ शकतो.

घरात लहान पोरं, कुत्रं-मांजर असेल तर मी पिंजराच सांगीन. आणि बीळ लगेच दगड-सिमेंटनं बुजवा, रिकामं दिसलं की दुसरी येऊन बसते.