बॅकस्विंग घ्यायचा की नाही? विंडमिल पिचिंगमध्ये हात आणि ग्लोव्हचं टायमिंग

सॉफ्टबॉलमध्ये बॅटरला बॉल टाकते ती पिचर, आणि हात पवनचक्कीसारखा पूर्ण गोल फिरवून खालून बॉल सोडणं म्हणजे विंडमिल पिचिंग. नवी पिचर घडवताना सगळे बघतात बॉलच्या हाताकडे. हात कानाजवळून जातोय का, मनगट वेळेवर सुटतंय का, वेग किती आला. ग्लोव्हचा हात मात्र वाऱ्यावर सोडलेला असतो. तो कधी पुढे जातो आणि कधी परत येतो यावर खांदे कुठे वळणार हे ठरतं, आणि नेम बऱ्याच अंशी खांद्यांवर अवलंबून असतो. म्हणून शाळेचा संघ बांधणारे पीटीचे सर असोत किंवा अमेरिकेत दर शनिवार-रविवार लेकीला स्पर्धांना नेणारे मराठी आईबाबा, निवड सुरुवातीलाच करावी लागते: दोन्ही हात एकत्र पुढे नेऊन तिथे वेगळे करायचे, की बॉल आधीच ग्लोव्हमधून काढून कमरेमागे न्यायचा आणि मग फिरवायचा? दुसऱ्या प्रकाराला मैदानावर बॅकस्विंग म्हणतात.

पुढचं सगळं उजव्या हाताच्या पिचरबद्दल आहे; डावरी असेल तर बाजू उलटून घ्या. हाताची जागा घड्याळाच्या आकड्यांनी सांगतो. तिसऱ्या बेसकडून, म्हणजे पिचरच्या उजव्या बाजूने पाहिलं तर ३ म्हणजे समोर, बॅटरमागे बसलेल्या कॅचरच्या दिशेला, १२ डोक्यावर, ९ पाठीमागे आणि ६ मांडीजवळ.

दोन्ही हात एकत्र नेण्याची पद्धत शिकवायला सोपी. हात कमरेपाशी जुळलेले, वजन पुढे ठेवलेल्या उजव्या पायाकडे झुकतं, तोच पाय पिचरच्या पायाखालच्या प्लेटवरून रेटा देतो आणि हात जोडीनेच वर निघतात. ३ च्या अलीकडे ते सुटे होतात. बॉल वर जातो, ग्लोव्ह कॅचरकडे छातीच्या उंचीवर लांब होतो. इथे ग्लोव्हला उशीर व्हायला फारसा वावच नाही, कारण निघाले ते बरोबर. बॉलची पकडही शेवटपर्यंत झाकलेली राहते. उणीव एकच, पण ठळक: लहान मुली उभ्या जागी थिजतात आणि पायाचा रेटा विसरून नुसत्या हाताने बॉल फिरवतात. दंड लवकर भरून येतो आणि वेग तिथेच अडकतो.

बॅकस्विंगमध्ये हा अडथळा आपोआप निघतो. हात मागे जातो तेव्हा अंग पुढे झुकतं, आणि हात पुढे यायला आणि पायाने रेटा द्यायला एकच वेळ साधते. जागेवरून लांब उडी मारताना आपण आधी दोन्ही हात मागे नेतो, तसंच. गोम त्या 'दोन्ही' शब्दात आहे. बॅकस्विंगचे खरं तर दोन प्रकार दिसतात. एकात ग्लोव्हही बॉलबरोबर मागे झुलतो आणि दोघे मिळून पुढे येतात. दुसऱ्यात बॉल मागे जातो आणि ग्लोव्ह पोटासमोर लोंबकळत राहतो. पहिल्यात वेळ चुकायचं कारण उरत नाही. दुसऱ्यात बॉल ३ ओलांडून वर निघाला तरी ग्लोव्ह अजून पोटाशीच असतो. मग तो घाईघाईने निघतो, आणि घाईत सरळ पुढे न जाता डावीकडे, पहिल्या बेसच्या बाजूला फेकला जातो. त्याच्यामागे डावा खांदा जातो, कंबर वेळेआधी वळते आणि बॉलच्या हाताला कमरेला वळसा घालून यावं लागतं. मुलीला वाटतं मनगट बिघडलं. सरही मनगटाचाच सराव वाढवतात. दुखणं मात्र तीन फूट पलीकडे, ग्लोव्हमध्ये असतं.

बॅकस्विंगला आणखी दोन जोखमी आहेत. बॉल कमरेमागे उघडा पडतो तेव्हा तिसऱ्या बेसजवळ उभ्या असलेल्या कोचला पकड दिसते. चेंजअप, म्हणजे वेगवान भासवून मुद्दाम हळू सोडलेला बॉल, टाकणारीला हे महागात पडतं. शाळेच्या पातळीवर मात्र एवढं कोणी वाचत नाही, सोडून द्या. दुसरी जोखीम नियमाची. हात जुळवून थांबल्यावर एकदा सुटे झाले की पिच सुरू झाली. मग मागे नेलेला बॉल पुन्हा ग्लोव्हमध्ये आणला, किंवा मध्येच थबकलं, तर अंपायर अवैध पिच देतो आणि बॅटरला फुकटचा एक बॉल मिळतो. बावरलेल्या नवख्या पिचरकडून हे हमखास होतं.

थोरांची नक्कल करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. अमेरिकेची पिचर मोनिका ॲबटने २०१२ मध्ये ताशी ७७ मैल, म्हणजे जवळपास १२४ किलोमीटर वेगाने पिच टाकली. ती सहा फूट तीन इंच उंच आणि डावखुरी. तिचा व्हिडिओ लावून पाच फुटी मुलीला 'अस्संच कर' म्हणणं अन्यायाचं आहे.

हात परत कसा आणायचा, यात मला तुलनेला फार जागा दिसत नाही. ग्लोव्ह मांडीवर थाप मारून संपवायची सवय आपल्याकडेही बरीच दिसते. आवाज येतो, ताल मिळाल्यासारखा वाटतो. पण थाप मारायला डावा खांदा खाली पडतो, पाठ वाकते आणि रिलीज होताना, म्हणजे बॉल हातातून सुटताना, अंग पुढे सांडतं. शिवाय महिलांच्या सामन्यात पिचरची प्लेट ते बॅटरजवळची होम प्लेट हे अंतर ४३ फूट. लांब पाऊल टाकून रिलीज होईपर्यंत त्यातले पाच-सहा फूट गेलेले असतात. त्यात बॅटवरून सरळ अंगावर परतणारा बॉल आला, तर मांडीला चिकटलेला ग्लोव्ह तोंडापर्यंत पोचणार कधी? त्यापेक्षा बॉल ९ वरून खाली येताना ग्लोव्ह कोपरातून घडी होत बरगडीजवळ यावा. बॉल खाली, ग्लोव्ह आत, दोन्ही एकाच वेळी. ग्लोव्ह आधी आत आला तर खांदे वेळेआधी कॅचरकडे समोर वळतात आणि बॉलचा हात मागे पडतो.

आता तुमच्या मुलीसाठी काय? फोनवर सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये तिसऱ्या बेसच्या बाजूने व्हिडिओ घ्या आणि पुढे टाकलेला डावा पाय टेकतो तिथे चित्र थांबवा. बॉल साधारण १२ आणि ९ च्या मध्ये असावा, आणि ग्लोव्ह अजून पुढे, छाती ते खांद्याच्या उंचीवर. ग्लोव्ह पोटाशी आला असेल तर तो लवकर परतला किंवा पुढे गेलाच नाही. मग दुसरा व्हिडिओ कॅचरच्या मागून घ्या, आडोशाला उभं राहून. ग्लोव्ह सरळ रेषेत येतोय की पहिल्या बेसकडे पोहतोय ते तिथूनच कळतं. पिच डावी-उजवीकडे फाकत असतील तर आधी ही रेषा तपासा. वर-खाली जात असतील तर बहुधा रिलीजची वेळ किंवा वाकलेली पाठ.

बारा वर्षांच्या आतली, किंवा खेळात नुकतीच आलेली मुलगी असेल तर मी डोळे झाकून एकत्र हातांची पद्धत देईन, आणि थिजण्यावर उपाय म्हणून प्लेटच्या दोन पावलं मागून चालत येऊन पिच टाकायला लावीन. जिचा हात आधीच मोकळा फिरतो, ग्लोव्हही हलतो, पण पाय मात्र ढिम्म, तिला बॅकस्विंग द्या, पण ग्लोव्ह मागे झुलवणाराच. ज्या मुलीचा ग्लोव्ह जात्याच डावीकडे पळतो, तिला बॅकस्विंग देऊ नका. आधी बॉल १२ वर आणि ग्लोव्ह समोर धरून तिथूनच टाकायचा सराव द्या. खांद्याच्या पुढच्या बाजूला किंवा दंडाच्या बायसेप्समध्ये दुखत असेल तर पद्धतीची चर्चा बाजूला ठेवा, पिचिंग थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. विंडमिलमध्ये हाताच्या याच भागावर खूप ताण येतो.

जिल्हा स्पर्धा तोंडावर असेल तर हात वेगळे करायची पद्धत बदलू नका, हंगाम संपू द्या. मांडीवरची थाप मात्र आजच काढायला घ्या. थाप सोडायला दुसरं काहीच नव्याने शिकावं लागत नाही.