पारदर्शक फोटोसाठी पीएनजी ठेवावं की वेबपी?

वेब डिझाइन शिकणाऱ्यांचं गाडं बॅकग्राउंड काढलेल्या फोटोपाशी हमखास अडतं. कोल्हापुरात कामं बहुतेक दुकानांची, त्यामुळे चप्पल नाहीतर साज कापून रंगीत पट्टीवर ठेवायचा हे ठरलेलंच. मी पीएनजी आणि वेबपी हे फोटोच्या फाइलचे दोन्ही प्रकार वापरतो. जिफचा विचार सोडा, त्यात ठिपका एकतर पूर्ण दिसतो नाहीतर पूर्ण गायब. लोगो असेल तर सरळ एसव्हीजी, म्हणजे रेषा-आकारांची फाइल.

ब्राउझरचं भांडण म्हणाल तर ते आता मिटल्यात जमा आहे. इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्ये पीएनजीच्या पारदर्शक भागात करडा रंग यायचा. २००६ साली सातवी आवृत्ती आली आणि ते दुखणं गेलं. वेबपी गुगलने २०१० मध्ये आणलं, पण फायरफॉक्सने ते २०१९ ला आणि सफारीने २०२० ला स्वीकारलं. गिऱ्हाइकाचा मोबाइल फारच जुना नसेल तर आज दोन्ही दिसतात.

वजनात वेबपी हलकं, यात वाद नाही. पण चपलेचा लाल गोंडा घ्या. लॉसी, म्हणजे थोडी माहिती गाळून लहान केलेल्या, वेबपीत रंगाची माहिती निम्म्या रुंदीत आणि निम्म्या उंचीत साठवली जाते. त्यामुळे फोटो मोठा करून बघितला की गोंड्याच्या सुट्या धाग्यांचा लाल रंग शेजारच्या कातड्यावर उतरल्यासारखा वाटतो, निदान माझ्या डोळ्याला तरी. काहीच न गाळणारं लॉसलेस निवडलं की हे थांबतं आणि फाइल बहुधा पीएनजीपेक्षा लहानच राहते. म्हणजे इथवर पारडं वेबपीकडेच.

मला नडलं ते पुढचं. दुकानदार स्वतःच्याच साइटवरून फोटो सेव्ह करतो आणि दिवाळीच्या फ्लेक्ससाठी पाठवून देतो. फ्लेक्सवाल्याकडचं सॉफ्टवेअर जुनं, त्यात वेबपी उघडत नाही. (फोटोशॉपमध्येसुद्धा प्लगइनशिवाय वेबपी उघडायची सोय २०२२ ला आली.) मग ऐन घाईत मला फोन: “सर, ह्यो फोटो उघडंना झालाय, साधा पाठवा की!” वेबसाइटवरचा फोटो मोठ्या फ्लेक्सला पुरत नाही हे खरं, पण ते त्या वेळी कोण ऐकून घेणार? पिक्चर टॅगमध्ये (पानाच्या कोडमध्ये एकाच फोटोचे पर्याय द्यायची सोय) दोन्ही फाइली द्या, असं कुणी सुचवेल. दिसायला ते ठीकच, पण ब्राउझर वेबपी दाखवतो आणि सेव्हही तेच होतं. फोन काही टळत नाही.

म्हणून पहिल्या पानावरच्या मोजक्या कटआउटना मी पीएनजीच ठेवतो आणि पीएनजीक्वांट या फाइल हलकी करणाऱ्या साधनातून काढून घेतो. रंग २५६ वर येतात, पण पारदर्शक कडा शाबूत राहतात आणि वजन चांगलंच उतरतं. सोन्याच्या दागिन्यावर कधीकधी चमकेचे पट्टे दिसतात, तेवढा फोटो मग न दाबता ठेवायचा. तुमचा दुकानदार फोटो इकडेतिकडे पाठवणारा नसेल, तर माझं म्हणणं तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

शेकडो डिझाइनचा कॅटलॉग असेल तर मात्र वेबपीच बरं, मोबाइलवर पान पटकन उघडतं. फक्त मूळ पीएनजी दुकानदाराला आधीच देऊन ठेवा, आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं तर त्याचं जेपीजी होतं आणि पारदर्शक भाग एखाद्या रंगाने भरून जातो.