गीझरची सर्व्हिसिंग: ४५० रुपये सार्थकी

विश्रामबागेत आमच्या अपार्टमेंटला नळाचं पाणी कमी पडलं की बोअरचं सोडतात. ते इतकं जड की डाळ शिजता शिजत नाही. गेल्या महिन्यात गीझरमधून फुटाणे भाजल्यासारखा आवाज येऊ लागला. दिवा लगेच विझायचा, पाणी मात्र कोमटच.

कोपऱ्यावरच्या दुकानातून मेकॅनिक आले. कॉइल बाहेर काढली, तर चुन्याने लिंपून अंगठ्याएवढी जाड! (सासूबाई म्हणाल्या, पानाला वर्षभर पुरेल.) पाणी तापलं की वीज बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटची नळीही त्याच थरात गुरफटलेली, म्हणून दिवा आधीच विझत होता. टाकीतून तांब्याभर खडे निघाले. लिंबूसत्त्वाच्या गरम पाण्यात कॉइल तासभर बुडवली; क्षार फसफसत सुटले. टाकी गंजू नये म्हणून आत असलेला मॅग्नेशियमचा रॉड झिजून नुसती तार उरलेली, तो बदलला. मजुरी ४५०, रॉडचे वेगळे.

दहाची वेळ देऊन दोनला उगवले आणि बाथरूमचा राडा मलाच आवरावा लागला, एवढा एक तारा कमी. पण नवी कॉइल गळ्यात मारली नाही, हे विशेष. जाताना म्हणाले, “ताई, ५५ अंशांच्या वर ठेवू नका. पाणी जितकं कडक तापवाल, तितका क्षार जास्त बसतो.”

पुढच्या दिवाळीआधी पुन्हा बोलावणार आहे. सकाळीच फोन करून.