नॅस, नऊ महिन्यांनंतर: इन्व्हर्टर, मे महिना आणि बाबांच्या कॅसेट

धनत्रयोदशीला लोक सोनं घेतात, मी नॅस घेतला, म्हणजे राउटरला जोडून चोवीस तास चालू ठेवायचा, फाइल साठवणारा डिस्कचा डबा. दोन डिस्क बसणारा डबा आणि त्यात ४ टीबीच्या दोन डिस्क (एकीवर जे जातं त्याची दुसरीवर आपोआप नक्कल होते), मिळून ४५ हजारांच्या घरात गेलं. इंदूरची थंडी, उन्हाळा आणि पहिला पाऊस त्याने आमच्या सुदामानगरच्या घरात काढला आहे, तेव्हा आता बोलायला हरकत नाही. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मला आलेल्या अडचणी डब्यापेक्षा घराच्याच जास्त होत्या. घेण्याआधी तीन आठवडे मी प्रोसेसर आणि रॅमची तुलना करत बसले होते. त्याऐवजी घरातली वीज कशी आहे आणि डबा ठेवणार कुठे, एवढं बघितलं असतं तरी पुरे होतं.

घरात कॉम्प्युटर एकच. त्यावर माझं जीएसटी-हिशेबाचं काम, वीस वर्षांचे फोटो आणि बाबांच्या कॅसेट. बाबांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात रामबागेतल्या घरगुती बैठकी टेपवर घेऊन ठेवल्या होत्या. तशा १४० कॅसेट आहेत, सगळ्या नव्वद मिनिटांच्या. निवृत्तीनंतर ते एकेक कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवतात. डब्ल्यूएव्हीमध्ये, म्हणजे आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणाऱ्या फाइलमध्ये, एका कॅसेटचे साधारण ९५० एमबी होतात. मागच्या पावसाळ्यात कॉम्प्युटरची जुनी डिस्क कट-कट वाजायला लागली, तेव्हा पहिली आठवण हिशेबाची नाही, या कॅसेटची झाली. बॅकअप होता, पण हाताने करायचा. आणि हाताने करायचा बॅकअप आमच्याकडे माळा झाडण्याइतक्याच वेळा होतो.

डिस्क घ्यायला आर.एन.टी. मार्गावर सिल्वर मॉलला गेले. दुकानदार म्हणाला, "दीदी, सीसीटीव्ही वाली ले लो, वो भी तो चौबीस घंटे चलती है." चालते हे खरं, पण ती सतत व्हिडिओ लिहीत राहण्यासाठी जुळवलेली असते. मी नॅससाठीची घेतली आणि ती सीएमआर (ट्रॅक शेजारी-शेजारी, सुटे असलेली) आहे ना, हे मॉडेल नंबरवरून तपासून घेतलं. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे एसएमआरमध्ये, ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. त्यामुळे लिहिलेल्यावर पुन्हा लिहिताना डिस्क रखडते, आणि एक डिस्क बदलून दुसरीवरून ती भरायची वेळ आली की फारच रखडते. ४ टीबीचे ३.६ दिसले म्हणून घाबरू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, कॉम्प्युटर १०२४ च्या.

पहिला बॅकअप ६२० जीबीचा होता. रात्री नऊला लावला, दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत चालूच होता. वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईना. मी दोन दिवस डब्याला शिव्या घातल्या. मग केबलचं पारदर्शक टोक उजेडाकडे धरून बघितलं, तर आत आठऐवजी चारच तारा. भिंतीतून केबल ओढणाऱ्याने तेवढ्याच जोडल्या होत्या. १०० एमबीपीएसला, म्हणजे सेकंदाला जेमतेम ११-१२ एमबीला, चार तारा पुरतात, त्याच्या दहापट वेगाच्या गिगाबिटला आठही लागतात. दोन्ही टोकं नवी करून घेतल्यावर मोठ्या फाइल १०५-११० ने जायला लागल्या. छोट्या फाइल अजूनही रेंगाळतात, पण रात्री तीन वाजता कोण बघतंय!

राउटर बाबांच्या खोलीत, म्हणून डबाही आधी तिथेच ठेवला. रात्री डिस्कची टकटक सुरू झाली की बाबा उठून बसायचे. "अगं, नुसता वाजला असता तरी चाललं असतं, हा लय सोडतो!" असं तिसऱ्या दिवशी म्हणाले. तबल्याखालची जुनी चुंबळही त्यांनी डब्याखाली देऊन बघितली. शेवटी केबल वाढवून डबा बाहेरच्या खोलीतल्या शोकेसमध्ये, काचेच्या दाराआड नेला. आवाज बंद झाला.

मे महिन्यात त्या काचेमागे डिस्क ५३ अंशांवर गेल्या. डब्याने मेल पाठवली म्हणून कळलं, नाहीतर दिवाळीपर्यंत तिकडे कोणी बघितलं नसतं. आता डबा लोखंडी कपाटावर उघडा आहे, मागचा पंखा भिंतीपासून वीतभर लांब. तिथे भर दुपारी ४४-४५ असतात. धूळ मात्र बसते, पंधरा दिवसांनी ब्रश फिरवावा लागतो.

विजेची गंमत जूनमध्ये झाली. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून मी निश्चिंत होते. पहिल्या वादळात संध्याकाळभरात चारदा वीज गेली आणि चारही वेळा डबा बंद होऊन पुन्हा सुरू झाला. इन्व्हर्टरच्या मागे एक छोटं बटण असतं, साधा मोड आणि यूपीएस मोड. आमचं साध्यावर होतं. त्यात बदलाला जो क्षणभर लागतो तो दिव्यांना कळत नाही, डब्याला कळतो. त्यानंतर दोन्ही डिस्क एकमेकींशी जुळतात का, ही तपासणी सात-साडेसात तास चालली. डेटा गेला नाही, पण मी रात्रभर जागी. बटण फिरवलं, शिवाय डब्यासाठी वेगळा यूपीएस आणला. घेताना त्याला यूएसबी पोर्ट आहे का ते बघा. पोर्ट असला तर वीज गेल्याचं नॅसला कळतं आणि तो स्वतःहून नीट बंद होतो. स्वस्तातल्या बऱ्याच यूपीएसला तो नसतो. मी आधी तसलाच आणला, तो आता टीव्हीला लावलाय. नॅसचा खर्च म्हणाल तर १७ वॅट, महिन्याला १२ युनिट.

आता ज्या दिवशी पैसे वसूल झाले तो दिवस. मार्चमध्ये बाबा एका भैरवीचा तुकडा आत्याला पाठवायला कापत होते. चार मिनिटं निवडली, आणि सेव्ह करताना नाव तेच दिलं. ४५ मिनिटांच्या बाजूची, ४५४ एमबीची फाइल ४० एमबीची झाली. अकरा दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. तोवर रात्रीच्या बॅकअपने ती छोटी फाइल इमानेइतबारे नॅसवर नेली होती, आणि दुसऱ्या डिस्कनेही तिची तंतोतंत नक्कल केली होती. दोन डिस्कची जोडी एक डिस्क मेल्यावर उपयोगी पडते, बाबांनी चुकीचं बटण दाबल्यावर नाही. वाचवलं ते स्नॅपशॉटनी, म्हणजे त्या-त्या वेळी फाइल जशा होत्या तशा नॅसने जपून ठेवलेल्या नोंदींनी. रोज पहाटे चारचा एक, तीस दिवस ठेवायचे, असं मी सुरुवातीला सहज लावलं होतं. बारा दिवसांपूर्वीचा उघडला, फाइल ओढून घेतली, पाच मिनिटांचं काम. बाबा कॅसेट पुन्हा उतरवता आली असती म्हणत होते, पण तिची टेप मधेच चिकटलेली आहे. तर तुलना करायचीच असेल तर रॅमची नको, स्नॅपशॉट आहेत का हे बघा. स्वस्त मॉडेलमध्ये ते असतीलच असं नाही.

अख्खा कॉम्प्युटर परत उभा करायची तालीम एप्रिलमध्ये केली, रिकामी एसएसडी लावून. रिस्टोअरचा पेनड्राइव्ह सुरू झाला, पण त्याला वाय-फायच दिसेना. शेवटी सीपीयू उचलून राउटरजवळ नेला, केबल लावली, मग झालं. ही तालीम घेतल्याच आठवड्यात करायला हवी होती.

तक्रारी: मोबाइल ॲप सारखं काही ना काही विकायला बघतं. फोटोंतले चेहरे ओळखण्याची सोय इतकी हळू आहे की मी ती बंदच केली. घराबाहेरून उघडायची सोयही बंद ठेवली आहे, पण ती भीतीपोटी. माझ्या क्लायंटचे हिशेब त्यात आहेत. बॅकअपसाठी वेगळा युजर केलाय. कॉम्प्युटरला व्हायरस लागून फाइल कुलूपबंद झाल्या, तरी स्नॅपशॉट पुसायचा अधिकार त्या युजरला नाही.

एकच कॉम्प्युटर, टीबीभर डेटा आणि शिस्त असेल तर दोन साध्या एक्स्टर्नल डिस्क आलटून-पालटून लावा, ३५ हजार वाचतील. आमच्याकडे शिस्त नाही, म्हणून नॅस. एक्स्टर्नल डिस्क तरीही घेतलीच, कारण घराला आग लागली किंवा चोरी झाली तर डबाही जाणार. ती पासवर्ड घालून देवासला ताईकडे असते. महिन्या-दीड महिन्याने कोणी जाणारं-येणारं असलं की मागवायची, भरायची, परत पाठवायची. मागच्या खेपेला ती लोणच्याच्या बरणीबरोबर एकाच पिशवीत आली. तेल डिस्कच्या कव्हरवर होतं, आत नाही.

बाबा आता प्रत्येक फाइलच्या नावात 'मूळ' लिहितात आणि तिला हात लावत नाहीत. ३८ कॅसेट उरल्यात, म्हणजे आणखी ३६ जीबी. जागा आहे.